कंपनीची तार आणि ग्राहकाचा उंबरठा

जासईच्या एखाद्या साध्या घरात दिवेलागणीच्या वेळी किती कंपन्या मुक्कामाला असतात, ह्याची मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. ओटीवर वीज कंपनीचे मीटर असते. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली केबलवाल्याचा डबा असतो. कपाटावर इंटरनेटचा राऊटर रात्रभर डोळे मिचकावीत बसलेला असतो. स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीवर कंपनीचा रेग्युलेटर, आणि दारात मोटार असेल तर तिच्या काचेवर टोलचा फास्टॅग. ह्यांतील प्रत्येक वस्तू आपण मागून आणलेली असते असे नाही. आपण मागितलेली असते वीज, आपण मागितलेल्या असतात वाहिन्या, आपल्याला हवा असतो इंटरनेट. वस्तू त्यांच्या पाठोपाठ येते, घरात जागा धरते, आणि पुढे ती नकोशी झाली तरी काढून ठेवण्याची मुभा आपल्याला नसते. काढली तर मूळ सेवाच बंद पडते.

अशी सक्ती करण्याचा अधिकार कंपन्यांना असावा काय, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. एका डब्याने काय बिघडते, असे कोणीही म्हणेल. परंतु डब्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला जाते, डबा बिघडला तर भुर्दंड आपल्यावर येतो, कंपनी बदलायची म्हटली तर डबा अडगळीत जातो. आणि काही उपकरणे तर अशी आहेत की त्यांच्या पोटातील एक कळ दूरच्या कचेरीतून दाबली की आपल्या घरात अंधार होतो.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कंपनीने उपकरणाची सक्ती करण्यास दोनच कारणे पुरेशी आहेत. एक सुरक्षितता: एका घरातील जोडणीमुळे शेजाऱ्याला किंवा साऱ्या जाळ्याला अपाय होऊ नये. दुसरे माप: जे दिले त्याची मोजणी खरी व्हावी. ह्या दोहोंच्या पलीकडे जे काही असेल ते ग्राहकाच्या मर्जीवर सोडले पाहिजे. आणि अमुक वस्तू ह्या दोहोंपैकी एकासाठी खरोखर लागते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असला पाहिजे, ग्राहकावर नव्हे.

जासई हे दि. बा. पाटील ह्यांचे गाव. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर 1984 च्या जानेवारीत ह्या परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्याची आणि डब्या-मीटरच्या तक्रारीची बरोबरी करणे औचित्याला सोडून होईल, आणि ती आम्ही करीत नाही. मात्र एक विचार त्या लढ्यातून ह्या गावाला पक्का ठाऊक आहे. सार्वजनिक कामासाठी काही द्यावे लागते हे कबूल केल्यावरही, किती द्यायचे, कोणत्या अटीवर द्यायचे आणि आम्हांला विचारून की न विचारता, हे प्रश्न शिल्लकच राहतात. ‘हे लोकोपयोगी आहे’ एवढ्या उत्तराने ते मिटत नाहीत.

गावाच्या अंगावरून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांकडेच पाहा. जवाहरलाल नेहरू बंदरात 1 जुलै 2016 पासून कंटेनरांवर रेडिओ लहरींनी वाचली जाणारी एक खूणपट्टी लावण्याची पद्धत सुरू झाली. पट्टीमुळे कंटेनर कोठे आहे हे मालधन्याला घरबसल्या कळते. सोय उत्तम, ह्यात वाद नाही. पण तिचा आकार प्रत्येक कंटेनरमागे सरसकट घेतला जाऊ लागला, आणि त्याचे नावच मुळी ‘सक्तीचा वापर-आकार’ असे ठेवलेले होते. ज्याला आपल्या मालाचा ठावठिकाणा क्षणोक्षणी नको आहे, त्यानेही तो भरायचा. ‘वापर’ आणि ‘सक्ती’ हे दोन शब्द एका नावात सुखाने नांदावेत, ह्याची आम्हांला मोठी मौज वाटते.

हा वाद नवा नाही. तो सर्वांत नीट लढला गेला तो टेलिफोनवर, आणि तोही अमेरिकेत. म्हणून तेथील हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत टेलिफोनचा बहुतेक धंदा बेल कंपनीच्या हाती होता. तार तिची, केंद्र तिचे आणि घरातले यंत्रही तिचेच. ग्राहक फक्त भाडे भरणार. कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू यंत्राला जोडायची नाही, असा तिचा नियम होता. अशा वस्तूंना ती ‘परक्या जोडण्या’ म्हणे. एका कारखानदाराने टेलिफोनच्या तोंडावर बसवायची एक पेल्यासारखी टोपी काढली होती. बोलणाऱ्याचा आवाज खोलीतल्या इतरांना ऐकू जाऊ नये, एवढाच तिचा उपयोग. तिच्यात वीज नाही, तार नाही, काही नाही. तरीही बेल कंपनीने हरकत घेतली, आणि सरकारी दळणवळण आयोगाने 1955 मध्ये कंपनीचीच बाजू उचलून धरली. पुढल्या वर्षी, 1956 मध्ये, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्या वापराने ग्राहकाचा खासगी फायदा होतो आणि सार्वजनिक नुकसान होत नाही, त्या वापराला कंपनीने आडकाठी करू नये. आम्हांला वाटते, ह्या सबंध विषयाचे मर्म एवढ्यात आले.

त्यानंतर टेक्सासमधील थॉमस कार्टर ह्या गृहस्थाचे प्रकरण आले. दूरच्या माळावर किंवा तेलविहिरीवर रेडिओ घेऊन फिरणाऱ्या माणसाचे बोलणे टेलिफोनशी जुळवून देणारे यंत्र त्याने बनवले होते. बेल कंपनीने तेही परके ठरवले. जून 1968 मध्ये आयोगाने कंपनीचा नियमच रद्द केला. येथे गोष्ट संपली असे वाटेल, पण खरी गंमत पुढेच आहे. कंपनीने म्हटले, ठीक आहे, तुमचे यंत्र जोडा. पण तुमचे यंत्र आणि आमची तार ह्यांच्यामध्ये आमचा एक रक्षक डबा बसवावा लागेल, आणि त्याचे भाडे दरमहा तुम्ही भराल. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घातलेली सक्ती मागच्या दाराने आत आली! ज्याला स्वतःचे चांगले यंत्र परवडत होते, त्याच्याही गळ्यात नको असलेला एक डबा पडला.

कंपनीची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. भलत्या दाबाची वीज तारेत शिरली तर खांबावर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका होता. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1970 मध्ये ह्या प्रश्नाचा विचार केला, तेव्हा मोकाट जोडणी धोक्याची आहे हे तिने मान्य केले; परंतु यंत्रांची आधी तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीनेही जाळे राखता येईल, असाही मार्ग दाखवला. 1975 मध्ये आयोगाने तोच मार्ग धरला. तपासून नोंदलेले यंत्र ठरावीक खटक्याच्या प्लगने कोणीही आपल्या घरी जोडावे, मध्ये कंपनीचा डबा नको. पुढे निरोप टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स आणि संगणक टेलिफोनच्या तारेला बिनदिक्कत जोडले गेले, त्याचे बरेचसे श्रेय ह्या निर्णयाला दिले जाते. जाळे काही कोसळले नाही.

आपल्याकडे त्या काळी टेलिफोन खाते सरकारचे होते आणि काळे यंत्र बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्या 1948 मध्ये निघालेल्या सरकारी कारखान्याचे. ग्राहकाच्या घरातील यंत्रे बनविण्याची मोकळीक खासगी कारखानदारांना मिळाली ती 1984 मध्ये. त्याआधी आपला प्रश्न यंत्र कोणते हा नव्हताच, टेलिफोन ह्या जन्मी मिळणार का, हा होता.

आता कायद्याकडे वळू. नको असलेली वस्तू हव्या असलेल्या वस्तूबरोबर गळ्यात मारणे ह्याला ग्रामीण महाराष्ट्रात खतांच्या दुकानापुढे उभा राहिलेला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतो. युरियाची गोणी पाहिजे असेल तर बरोबर ही बाटलीही घ्या, असा तो प्रकार. ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये आला. त्याच्या मागे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या 1975 पासून काम करणाऱ्या संस्थांची मेहनत होती. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 पासून अमलात आहे. एक वस्तू किंवा सेवा मिळण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा विकत किंवा भाड्याने घेण्याची अट घालणे, ही ह्या कायद्याने ‘निर्बंधात्मक व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. 2002 च्या स्पर्धा कायद्यातही अशा जोडविक्रीच्या करारांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र तेथे बाजारातील स्पर्धेवर वाईट परिणाम होतो हे दाखवावे लागते. तेव्हा कायदा ग्राहकाच्या बाजूला नाही, असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की कंपन्या क्वचितच म्हणतात, ‘ही दुसरी वस्तू आहे.’ त्या म्हणतात, ‘हा सेवेचाच भाग आहे.’ भांडण सगळे ह्या एका वाक्यावर येऊन थांबते.

गॅसच्या बाबतीत हे वाक्य तपासायला सोपे जाते. रेग्युलेटर कंपनीचा, आणि तो तसाच असावा; टाकीतील दाब आवरणारी वस्तू ज्याने त्याने बाजारातून आणावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. नळीही प्रमाणित आणि मुदतीतली असली पाहिजे. शेगडीचे मात्र तसे नाही. नवी जोडणी देताना शेगडी आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह काही वितरक करीत आले. आणि तशी सक्ती नाही, हे तेल कंपन्यांनी स्वतःच वेळोवेळी जाहीर केले आहे. शेगडीवर आय.एस.आय.ची खूण असली आणि ती तपासून घेतली, की सुरक्षिततेचे काम भागते. येथे रेषा कोठे ओढावी हे घरातल्या आजीलाही कळते: रेग्युलेटर कंपनीचा, शेगडी आपली.

छपाईच्या यंत्रांची तऱ्हा निराळीच. काही यंत्रे अशी असतात की काळ्या अक्षरांचा एक कागद काढायचा असला तरी रंगीत शाईच्या कुप्या भरलेल्या आणि जागेवर बसवलेल्या लागतात. एक रिकामी झाली की यंत्र रुसून बसते. शाईचे तोंड सुकू नये म्हणून असे करतो, असे कारखानदार सांगतात. त्यात थोडे तथ्य असेलही. पण फाट्यावर झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या माणसाला आपले यंत्र सुकण्याचा धोका पत्करायचा की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. येथे शेजाऱ्याला अपाय नाही आणि मापाचा तर संबंधच नाही.

केबलच्या डब्याची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. 2011 च्या दुरुस्तीने केबल वाहिन्या डिजिटल करण्याचे ठरले. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ही तारीख होती, दुसऱ्या टप्प्यातील शहरांत 31 मार्च 2013, आणि खेड्यापाड्यांसह उरलेल्या देशात अखेर 31 मार्च 2017. डब्याला खरे कारण होते. पूर्वी केबलवाला किती घरांना तार देतो हे तो सांगेल तेच खरे मानावे लागे; वाहिन्यांचे पैसे बुडत आणि सरकारचा करही बुडे. डब्यामुळे घर मोजले जाऊ लागले. म्हणजे मापाचे कारण होते. पण घर मोजायला डबा लागतो, एवढ्यावरून तो ह्याच कंपनीचा लागतो असे सिद्ध होत नाही. एका कंपनीचा डबा दुसरीच्या तारेवर चालत नाही, तेव्हा डबा हा मोजमापाचा तराजू न राहता दाराचे कुलूप बनतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2020 मध्ये, डबे एकमेकांच्या जाळ्यांवर चालतील असे असावेत, अशी शिफारस केली ती ह्याच कारणाने. ती शिफारस कुलुपाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत त्यांना रुचण्यासारखी नव्हती, हे उघड आहे. उलट सरकारी दूरदर्शनच्या 2004 मध्ये सुरू झालेल्या विनामूल्य डिशचा साधा डबा बाजारातल्या कोणत्याही दुकानातून घेऊन लोकांनी छपरावर छत्री बसवली. तंत्र आडवे येत नव्हते.

राऊटरबद्दल थोडक्यात सांगतो. जर्मनीत इंटरनेट कंपन्या आपलाच राऊटर वापरा म्हणत आणि ग्राहकाच्या स्वतःच्या राऊटरला लागणारी सांकेतिक अक्षरे देत नसत. तेथील लोकांनी ह्या प्रकाराला ‘राऊटर-सक्ती’ असे नावच दिले होते. 1 ऑगस्ट 2016 पासून कायद्याने ती बंद झाली: कंपनीचे जाळे भिंतीतल्या खोबणीपाशी संपते, त्याच्या अलीकडचे सारे ग्राहकाचे. युरोपीय संघाने पुढे चार्जरचीही गाठ सोडवली; 28 डिसेंबर 2024 पासून तेथे फोन घेताना चार्जर नको म्हणण्याची सोय ठेवावी लागते.

आता विजेच्या मीटरकडे येऊ. हे प्रकरण सर्वांत कठीण आणि आपल्या सर्वांत जवळचे आहे.

मीटर हा तराजू आहे. तराजू नको, असे गिऱ्हाइकाला म्हणता येत नाही. 2003 च्या वीज कायद्याचे 55 वे कलम योग्य मीटरशिवाय वीज देऊ नये असे सांगते. पण त्याच कलमात, मीटर भाड्याने घेण्याऐवजी स्वतः विकत घेण्याची निवड ग्राहकाला दिलेली आहे. म्हणजे तराजू हवाच, परंतु तो दुकानदाराचाच हवा असे नाही. त्याच कायद्याच्या 47 व्या कलमात आधी पैसे भरून चालणाऱ्या मीटरचा उल्लेख आहे, आणि तोही सवलत म्हणून: जो असे मीटर घेण्यास तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये. ‘तयार असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

केंद्र सरकारच्या 17 ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने ही निवड सरसकट नियमात बदलली. देशभरची जुनी मीटरे काढून त्यांच्या जागी आधी पैसे भरण्याची ‘स्मार्ट’ मीटरे बसवण्याचे वेळापत्रक ठरले. महाराष्ट्रात महावितरणने 2023 मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. 2024 मध्ये ह्याविरुद्ध राज्यभर ओरड झाली. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, हे मीटर नको असे लेखी कळवा, असे ग्राहकांना आवाहन केले. जून 2024 मध्ये त्यावेळचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी सामान्य ग्राहकांना आधी पैसे भरण्याचे मीटर बसवले जाणार नाही असे जाहीर केले. पुढे जी मीटरे बसू लागली त्यांचे बिल मागाहून येते, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली हे ती टिपतात. म्हणून त्यांना टी.ओ.डी. मीटर म्हणतात.

कंपनीची बाजू आम्ही हलकी लेखत नाही. वीजचोरीचा भार शेवटी प्रामाणिक ग्राहकाच्या बिलावर पडतो. वाचन न घेता पाठवलेली सरासरी बिले हे अनेकांचे जुने दुखणे आहे, आणि नव्या मीटरने ते बरे होऊ शकते. दुपारच्या विजेला सवलत द्यायची तर वेळ टिपणारा तराजू लागणारच. एवढे सारे मापाच्या सदरात बसते, आणि तेवढ्यापुरते नवे मीटर नको म्हणणे आम्हांला पटत नाही.

पण ह्या तराजूला एक हात जादा आहे. त्याच्या पोटात दुरून वीज तोडण्याची कळ आहे. ही कळ मापाला लागत नाही; ती वसुलीला लागते. आणि वसुलीसाठी कायद्याने वेगळी वाट आखून दिलेली आहे: 56 व्या कलमाप्रमाणे थकबाकीदाराची वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ते पंधरा दिवस म्हणजे गरीब माणसाचा श्वास आहे. तेवढ्यात तो पगार होण्याची वाट पाहतो, उसनवारी करतो, चुकीच्या बिलाबद्दल कचेरीत भांडतो. आधी पैसे भरण्याच्या मीटरात हा श्वास उरत नाही. ग्राहकांच्या हक्कांसाठी म्हणून केलेल्या 2020 च्या केंद्रीय नियमांतच असे म्हटले आहे, की जमा रक्कम संपल्यावर अशा मीटरने आपोआप वीज बंद केली तर ती ‘तोडली’ असे समजायचे नाही! घरात काळोख आहे, पंखा थांबलेला आहे, आजाऱ्याचे यंत्र बंद आहे, आणि कागदावर वीज तोडलेली नाही. शब्दांनी एवढे मोठे काम केलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

म्हणून येथे रेषा मीटरच्या बाहेर ओढून भागत नाही, मीटरच्या आतूनच ओढावी लागते. मोजणारा भाग कंपनीला सक्तीने बसवू द्यावा. तोडणारी कळ मात्र पंधरा दिवसांच्या नोटिशीला बांधलेली असली पाहिजे, आणि आधी पैसे भरण्याची पद्धत ज्याने स्वतः लेखी मागितली असेल त्यालाच लागू व्हावी. मीटर तेच ठेवून पद्धत एखाद्या हुकुमाने उद्या बदलता येत असेल, तर जून 2024 ची घोषणा ही घोषणाच राहते. तिला नियमाचे रूप मिळणे आवश्यक आहे.

व्यवहाराचे दोन शब्द सांगून थांबतो. जोडणी घेताना उपकरण कोणाच्या मालकीचे, त्याचे भाडे किती, अनामत परत कधी मिळणार, आणि स्वतःचे उपकरण लावले तर सेवा मिळेल की नाही, हे लेखी मागावे. नकार मिळाला तर तोही लेखीच घ्यावा. तोंडी नकाराला आयोगापुढे किंमत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक 1915 आहे. विजेची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार कक्षात, मग ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाते. बाकीच्या कंपन्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. रायगडचा आयोग अलिबागला बसतो. डब्याच्या भाड्यासाठी जासईहून अलिबागला खेपा घालणे कोणाला परवडणार, असा प्रश्न येईल. पण तक्रार आता घरूनही संगणकावरून दाखल करता येते.